सिगार मुरवत ठेवायची की ओढायची? मी म्हणतो, पेटी उघडा

चांगली सिगार घेतली की निदान पाच वर्षं तिला हात लावायचा नाही, हे मी हल्ली इतक्या लोकांकडून ऐकतोय की आज एकदाचं सविस्तर लिहूनच टाकतो. विशेषतः नवीन मंडळी, ज्यांनी अजून मोजून चार ब्रँड ओढलेत, ती सुद्धा पेटीचं सील न फोडता ह्युमिडॉरच्या, म्हणजे सिगारींसाठी दमटपणा राखणाऱ्या पेटीच्या, तळाला ठेवून देतात आणि वर सांगतात "एज करतोय", म्हणजे मुरवतोय. अरे पण काय एज करतोयस, कशासाठी करतोयस, ताजी कशी लागते ते तरी माहितीये का?

आधी एक स्पष्ट सांगतो. ही तंबाखू आहे. धूर छातीत न घेता नुसता तोंडात घोळवला तरी तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका असतोच. नवीन कुणी सुरू करावं असं मी कधीही म्हणणार नाही. जे आधीपासून महिन्यातून एखाद-दोन ओढतात, पैसे घालतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

तर मुरवण्याची ही पद्धत आली कुठून ते बघा, कारण तिच्यात तथ्य भरपूर आहे. क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ प्रांत आहे, तिथल्या वुएल्ता अबाहो भागात सान लुइस आणि सान हुआन इ मार्तिनेसच्या आसपास जगातली सगळ्यात नावाजलेली तंबाखू पिकते. पानं खोपटात टांगून वाळवतात, मग ढीग लावून आंबवतात, ढीग आतून तापतो, पानातला अमोनिया बाहेर पडत जातो. झाडाच्या वरच्या भागातलं, ऊन खाल्लेलं जाड पान म्हणजे लिगेरो, त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. मधलं सेको सुगंधासाठी, खालचं वोलादो जळायला सोपं. मग सिगार वळताना पान तुटू नये म्हणून ते परत ओलसर करावं लागतं, आणि खरी गोम इथेच आहे. त्या ओलाव्यानं आत पुन्हा थोडं आंबणं सुरू होतं, पुन्हा अमोनिया. वळून झालेल्या सिगार काही काळ एस्कापाराते नावाच्या खोलीत ठेवतात, जास्तीचं पाणी उडून जावं म्हणून, पण सगळं काही तिथे संपत नाही. म्हणून तर जुने लोक सांगायचे की हवाना, म्हणजे क्यूबन सिगार, एक तर वळल्यावर महिन्याभरात ओढा नाही तर सरळ वर्षभर थांबा, मधल्या काळात ती आजारी असते. सिक पिरियड म्हणतात त्याला. नाकाला झोंबणारा वास, जिभेला चरचर, कडवटपणा, नीट जळत नाही. ज्यानं अशी सिगार ओढलीय त्याला मुरवण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. लंडनचे जुने व्यापारी तर माल आल्यावर आपल्याच गोदामात ठेवायचे, तो तयार झाला असं वाटल्यावरच गिऱ्हाइकाला द्यायचे.

म्हणजे पहिलं एक-दीड वर्ष थांबण्याबद्दल माझा काहीच वाद नाही. पेटीवरची तारीख बघा, वर्षाच्या आतली असेल तर ठेवून द्या. तारीख पेटीच्या तळाला असते, आधी फॅक्टरीचा कोड, मग स्पॅनिश महिन्याची तीन अक्षरं आणि साल. जानेवारी म्हणजे एनेरो, ऑगस्ट म्हणजे आगोस्तो, एवढं पाठ केलं की बाकीचे ओळखू येतात. ही तारीख सिगार पेटीत भरल्याची असते हे मात्र विसरू नका, आतलं पान त्याच्या आधी किती पडून होतं ते त्यावरून कळत नाही.

माझा वाद आहे त्याच्या पुढच्या वर्षांबद्दल. पाच, दहा, पंधरा.

काळ नुसता देत नाही हो, घेतो पण. अमोनिया जातो, कडवटपणा जातो, निकोटीनचा तो डोक्यात बसणारा झटका मऊ होतो, चवी एकमेकीत मिसळतात, हे सगळं खरं. पण त्याच बरोबर तेल कमी होतं, सुगंध पातळ होतो, मिरीसारखा तिखटपणा आणि कच्च्या कोकोसारखी जी एक जाड चव असते ती हळूहळू विरते. आमच्याकडे कोकणात जुना तांदूळ मोकळ्या भातासाठी भारी म्हणून जपतात, पण वासाचा तांदूळ नवा असतानाच शिजवतात, कारण ठेवला की वास उडतो, मग राहतो नुसता भात. सिगारीचं अगदी हेच आहे आणि तरीही सगळ्या सिगारींना एकच नियम लावायचा हट्ट का, ते मला कळत नाही.

उदाहरण घ्या. दोन क्यूबन ब्रँडच्या सिगारी, पार्टागासची सेरी डी नंबर ४ (थोडक्यात डी-४) आणि ओयो दे मॉन्तेरेची एपिक्युर नंबर २. दोन्ही रोबुस्तो, म्हणजे आखूड-जाड आकाराच्या, दोन्ही १२४ मिलीमीटर लांब, दोन्हींची जाडी ५० रिंग गेज. पट्टी काढून शेजारी ठेवल्या तर लांबून फरक कळणार नाही. डी-४ तरुण असताना अंगावर येते, माती, मिरी, चामडं, आणि शेवटच्या तिसऱ्या भागात तर पाणी प्यावं लागतं. तिला चार-पाच वर्षं मिळाली की तीच सिगार गोल होते, खालून एक गोडवा वर येतो, आणि तो सुरुवातीला दडपलेला असतो म्हणून कळतच नाही. तिला द्यावा वेळ, तिच्यात तेवढी ताकद आहे खर्च करायला. पण एपिक्युर नंबर २ मुळातच हलकी, दुधासारखी, फुलांचा वास असलेली. तिला आठ-दहा वर्षं ठेवून काय साधणार? मी जुन्या एपिक्युर ओढल्यात, चांगल्या ठेवलेल्या, दोष काढायला जागा नव्हती, जळत पण सुंदर होत्या, पण लाकूड आणि गरम हवा याच्या पलीकडे फारसं काही उरलं नव्हतं. ज्या कारणासाठी ती घ्यायची तेच निघून गेलेलं. दीड-दोन वर्षांची एपिक्युर ओढा एकदा सकाळच्या चहानंतर, मग सांगा.

कोहिबाचं अजून वेगळं. १९६६ साली सुरू झालेला हा ब्रँड, त्याच्या सेको आणि लिगेरो पानांना तिसऱ्यांदा आंबवतात, पिंपात. म्हणजे जे काम घरी वर्षानुवर्षं व्हायचं त्यातलं बरंच फॅक्टरीतच होऊन येतं. त्यामुळे कोहिबा लवकर ओढायला तयार असते असं माझं ठाम मत आहे आणि ते गवताळ ताजेपण, मधासारखी चव, ही तरुण कोहिबातच सगळ्यात जास्त असते. उलट पार्टागासची लुसितानियास, १९४ मिलीमीटरची डबल कोरोना, किंवा बोलिव्हारच्या दणकट सिगारी, या खरंच थांबण्यालायक. लुसितानियास ५० सिगारींच्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे लाकडी पेटीत, असेल आणि जागा थंड असेल तर दहा काय पंधरा वर्षं ठेवा, मी अडवणार नाही, कॅबिनेटमध्ये जुडी बांधून ठेवलेल्या सिगारी मुरतात पण छान.

आणखी एक गल्लत होते, पान जुनं असणं आणि सिगार जुनी असणं या दोन गोष्टी लोक एकच समजतात. वरच्या आवरणाची पानं रॉयल पामच्या विरीत बांधून ठेवतात, आपल्याकडे पोफळीची विरी असते ना तशीच, आणि अशा गठ्ठ्यात पान एकसारखं, निवांत मुरतं. हाबानोस, म्हणजे क्यूबन सिगार जगभर विकणारी कंपनी, तिच्या रिझर्वा सिगारींमधलं पान किमान ३ वर्षं ठेवलेलं असतं, ग्रान रिझर्वामधलं ५ वर्षं. निकाराग्वात पाद्रोनवाले आपल्या वरच्या मालिकांसाठी वर्षानुवर्षं पानच ठेवतात आणि मग सिगार वळतात, म्हणजे दुकानातून आणली की पेटवायची, त्यांचं काम त्यांनी केलेलं असतं. अशी सिगार घेऊन तुम्ही अजून आठ वर्षं ठेवता तेव्हा बनवणाऱ्यानं जो क्षण निवडला होता तो तुम्ही घालवता. हाबानोसनं दहाएक वर्षांपूर्वी आन्येहादोस नावाची मालिका काढली होती, वळलेल्या सिगारी क्यूबातच पेटीत ५ ते ८ वर्षं ठेवून मग विकायच्या. ऐकायला स्वप्नवत, पण मला त्या सपाट वाटल्या, किंमतीच्या मानानं तर फारच. जुनेपणा एकटा पुरत नाही, मुळात पान कसं होतं त्यावर सगळं आहे.

आता आपल्याकडचा प्रश्न, ज्यावर कुणी बोलत नाही. जिनिव्हाच्या तळघरात बसून लिहिलेले सल्ले आपण डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये पाळायला जातो. सिगारीला १६ ते १८ डिग्री आणि ६५ टक्क्यांच्या आसपास दमटपणा मिळाला तर ती शांतपणे वर्षं काढते. मुंबईत जुलैमध्ये हवेत ९० टक्के दमटपणा आणि पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३० च्या खाली, घरातलं तापमान ३० च्या वर. २४-२५ डिग्रीच्या वर गेलं की तंबाखूच्या किड्याची अंडी फुटायचा धोका, लासिओडर्मा म्हणतात त्याला, एका रात्रीत नाही पण बघता बघता पेटीभर टाचणीसारखी भोकं. हाबानोस निर्यातीआधी माल गोठवतं त्यामुळे हल्ली हे कमी झालंय, पण कमी झालंय, संपलेलं नाही. आणि पावसाळ्यात सिगारीवर पांढरी पावडर दिसली की काही जण "प्लूम आलं, तेल बाहेर आलं" म्हणून फोटो टाकतात. बाबांनो ती जवळजवळ नेहमी बुरशी असते. फोटो नंतर काढा, आधी ती सिगार बाजूला करा.

लाकडी शोभेचा ह्युमिडॉर या हवेत पुरत नाही हे माझं स्पष्ट मत. झाकण घट्ट बसणारा साधा प्लास्टिकचा डबा, त्यात ६२ किंवा ६५ टक्के दमटपणा राखणारं बोवेदा पाकीट, आणि जमलं तर तापमान धरून ठेवणारं वाईन कूलर. सिगारीची मूळ पेटी फेकू नका, ती ज्या लाकडाची असते त्याला स्पॅनिश सेडार म्हणतात पण ते देवदार नाहीच, आपल्या तून झाडाच्या कुळातलं आहे, आणि त्याचा वास सिगारीला मानवतो. एवढं करूनही दहा वर्षांत किती वेळा लाईट जाणार, किती वेळा घर बदलणार, गावाला गेल्यावर कोण बघणार? ही जोखीम डी-४ साठी चार वर्षं घ्यावी, पटतं. सगळ्या पेट्यांसाठी पंधरा वर्षं घ्यावी, हे नाही पटत.

मग लोक तरी का ठेवतात? भाव. २०२२ साली हाबानोसनं कोहिबा आणि ट्रिनिदाद या ब्रँडचे दर जगभर हाँगकाँगच्या पातळीला नेले, अनेक ठिकाणी एका दिवसात दुपटीच्या वर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इयान वादळानं पिनार देल रिओमधली पानं वाळवायची खोपटं आडवी केली. तेव्हापासून सील न फोडलेली पेटी म्हणजे सोन्याचं नाणं झालीय. माझा एक जवळचा मित्र आहे, त्याच्याकडे अशा पेट्यांची रांग आहे, प्रत्येकीची तारीख तोंडपाठ, पण त्यातली सिगार लागते कशी विचारलं तर उत्तर नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं. एका शेतकऱ्यानं ते पान वाढवलं, कुणीतरी ते हातानं एकेक करून वळलं, ते कपाटात पडून रहावं म्हणून नाही वळलं.

मी काय करतो सांगतो. पेटी आली की तीन-चार आठवडे विश्रांती, प्रवासात तिनं ओलावा कमी-जास्त केलेला असतो. मग सील फोडून एक ओढायचीच, ती कितीही तरुण असो, अमोनिया लागला तरी हरकत नाही, आता कुठे आहे ते तरी कळतं. आणि वहीत दोन ओळी लिहायच्या. मग साधारण सहा-आठ महिन्यांनी पुढची. ती सुधारत असेल तर बाकीच्यांना थांबवायचं. छान लागतेय, यापेक्षा अजून काय हवं असं वाटलं की थांबायचं नाही, पुढच्या वर्षभरात मित्रांबरोबर संपवायच्या. दोन-तीन शेवटपर्यंत राहिल्या तर राहू द्यायच्या, त्या जुन्या झाल्यावर कशा होतात तेही कळायला हवं. अशी एक पेटी तुम्हाला जेवढं शिकवते तेवढं दहा बंद पेट्या शिकवणार नाहीत.

बाहेरून येताना कस्टम्समध्ये माणशी २५ सिगारींची सूट मिळते, म्हणजे बरोबर एक पेटी. पुढच्या वेळी कुणी आणली तर मिक्स न करता एकाच प्रकारची आणा, शक्यतो डी-४ किंवा मॉन्टेक्रिस्टो नंबर ४ सारखी रोजच्यातली, आणि महिनाभरात पहिली पेटवा. कशी लागली ते कमेंटमध्ये लिहा, पेटीची तारीख पण टाका सोबत.