राणी गेली, खुंट उठला

मोगलाईत नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं. त्या गुलशनाबादेत राहून मी तीन वर्षांत सात गुलाब मारले.

सातवी राणी होती. नर्सरीवाल्याने सांगितलेलं विलायती नाव रिक्षातच विसरले, म्हणून राणी. लांब देठ, टपोरी लाल कळी, वास शून्य. पहिल्याच पावसात पानांवर काळे ठिपके आले आणि फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली सरकू लागल्या. सल्ले मात्र बहरले. चहाचा चोथा घातला, कांद्याची सालं घातली, केळ्याची सालं घातली. अंड्याची टरफलं शेजारून आणली आणि सासूबाईंना खडूचे तुकडे म्हणून सांगितलं. राणी तरीही गेली.

श्रावणात बुंध्यातून एक हिरवा कोंब उठला. "बघ, जगली तुझी राणी!" सासूबाई म्हणाल्या. जगली म्हणजे काय, सुटलीच! दोन महिन्यांत माझ्या डोक्यावरून कुंपणाबाहेर गेली आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे पदर, ओढण्या धरू लागली. मग फुलं आली. गुलाबी, चुरगळल्यासारखी, फुलदाणीत ठेवायला जावं तर हातातच पाकळ्या गळणारी. पण वास! थेट स्वयंपाकघरात फोडणीशी भांडायला यायचा.

फांदी घेऊन नर्सरीत गेले. माळीदादा हसले. "मॅडम, हा खुंट, म्हणजे कलमाचं खालचं मुळाचं झाड. गावठी एडवर्ड गुलाबावर तुमच्या राणीचा डोळा, म्हणजे कोंब, भरला होता, तो गेला, आता खालचा उठला. उपटून टाका."

आता या उपटायच्या एडवर्डचं कूळ ऐका. हिंदी महासागरातल्या बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियनवर, शेतांच्या कुंपणाला चिनी आणि दमास्क गुलाब शेजारी शेजारी लावत. त्यांचं परस्पर जुळलं, त्यातला हा वंश. 1867 साली फ्रान्समध्ये 'ला फ्रान्स' नावाचा गुलाब आला आणि लांब देठाच्या राण्यांचं राज्य सुरू झालं. हा त्याच्या आधीचा. तेव्हापासून बिचारा राण्यांना खांद्यावर घेऊन उभा.

मी नाही उपटला. सासूबाईंनी गुलकंद जाहीर केला होता ना!

अडचण एकच. फुलं पहाटे उमलतात आणि पहाटेच फिरायला जाणारे आजोबा छत्रीच्या मुठीने फांदी खाली ओढतात. "देवासाठी घेतोय हो!" म्हटल्यावर बोलायची सोय नाही. शेवटी मी साडेपाचचा गजर लावला. देवाच्या तावडीतून सुटलेली चार फुलं काट्यावर ठेवली, तर दहा ग्रॅमही भरेनात. पाकळ्यांचा थर, खडीसाखरेचा थर, बरणी उन्हात. महिनाभरात बरणीचा तळ झाकला. मुंग्यांनी मात्र पहिल्याच दिवशी येऊन चव पाहिली.

ऑक्टोबरात छाटणीला माळीदादा आले. म्हणाले, "खुंट दणकट झालाय. राणीचा डोळा भरून देऊ परत?"

सासूबाई बरणी घेऊनच बाहेर आल्या. "डोळा नंतर भरा. आधी ही भरू दे."