स्वस्तातल्या लायसन्स कीच्या (परवान्याच्या कोडच्या) नादी लागू नका

एका लेखात वाचलं की घरी सराव करणाऱ्या विद्यार्थ्याला विंडोज सर्व्हरचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, परवाना परवडत नाही. विकत घ्यायचा म्हटलं तर नाहीच परवडत. यंत्राच्या प्रोसेसरमध्ये चारच कोअर (गणना करणारे भाग) असले तरी स्टँडर्ड आवृत्तीला किमान १६ कोअरचे पैसे मोजावे लागतात. पण शिकायला तो विकत घ्यायचाच कशाला? मायक्रोसॉफ्टची इव्हॅल्युएशन (चाचणीची) आवृत्ती १८० दिवस अधिकृतपणे फुकट चालते. मुदत संपली की सर्व्हर दर तासाला आपोआप बंद होतो, म्हणून तारीख लिहून ठेवा. तिच्यावर डोमेन कंट्रोलर (नेटवर्कमधली खाती आणि लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) उभारलात तर पुढे विकतचा परवाना थेट लावता येत नाही, आधी सर्व्हरवरून ती भूमिका (रोल) काढावी लागते. आमच्या रामबागेतला भाचा यातच दोन रात्री अडकला होता. त्याआधी त्याने ऑनलाइन स्वस्तातली की घेतली, ती चार महिन्यांत बंद पडली. शिकवण्या घेऊन जमवलेले पैसे होते हो पोराचे, फार वाईट वाटलं. आता जेल रोडवरून आणलेल्या जुन्या संगणकावर प्रॉक्समॉक्स (एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय, त्याला परवाना शुल्क नाही. रेड हॅट कंपनीचं लिनक्स शिकायचं असेल तर वैयक्तिक डेव्हलपर खात्यावर १६ यंत्रांपर्यंत मोफत मिळतं.