अंगी लागण्याचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'सगळे घरी, ओटा एकच' या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलंत, वेळ काढलात, त्याबद्दल आधी आभार मानते. खरं तर उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. दोन दिवस पाळलंही. पण काल रात्री भांडी विसळताना आपलं शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा डोक्यात वाजत राहिलं. हात पुसले आणि लिहायला बसले.

लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शाळा, कॉलेज, ऑफिस एकदम बंद पडलं आणि घर दिवसभर माणसांनी भरलं की खाण्याजेवणाचं कसं निभवायचं, एवढाच त्याचा विषय. मी तीन गोष्टी सुचवल्या होत्या. धान्य माणशी मोजून घ्या, तांदूळ असतील तर एका वेळेला ७५ ग्रॅम. जेवणाच्या वेळा ठरवा आणि मधे ओटा बंद ठेवा. आणि मधल्या खाण्याचे डबे सकाळीच भरून प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव घाला.

यावर आपले आक्षेप असे. ७५ ग्रॅम कमी पडतात. सकाळचा भात रात्रीपर्यंत ठेवायला सांगणं धोक्याचं आहे. लहान मुलांना आणि औषधं चालू असलेल्यांना ओटा बंद ठेवून चालत नाही. भरल्या घरात थोडं उरायलाच हवं. आपल्या आईनं अकरा माणसांचं केलं, पण तराजू कधी हातात धरला नाही. इथवर मी शांत होते. मग आपण लिहिलंत : "इतकं मोजूनमापून वाढणाऱ्या बाईच्या हातचं कुणाच्या अंगी लागत असेल का, शंकाच आहे. हे घर नव्हे, खानावळ."

शितावरून भाताची परीक्षा करतात हे मलाही ठाऊक आहे. आपण तर शीतसुद्धा न चाखता निकाल दिलात. माझ्या घरात कोण किती जेवतं, कुणाला काय पचतं, कोण मध्यरात्री उठून पातेली उघडतं, यातलं काहीही आपल्याला माहीत नाही. मतभेद असू दे. ७५ च्या जागी १०० म्हणा, ९० म्हणा, मी ऐकून घेईन. पण लेख पटला नाही म्हणून लिहिणारीच्या हातच्या अन्नावर जायचं? एखाद्याच्या हातचं अंगी लागत नाही म्हणणं ही साधी टीका नसते. सौम्य शब्दांत केलेला अपमान असतो तो. 'शंकाच आहे' हे शेपूट जोडल्यानं तो कमी होत नाही, उलट जास्त झोंबतो.

आणखी एक. लेखात मी एकदाही 'बाई' लिहिलेलं नाही. हवं तर परत वाचा. मोजावं, भरावं, वाढावं असंच लिहिलंय, मुद्दाम लिहिलंय. वाढणारी बाईच असणार हे आपण घरून घेऊन आलात. आपला दोष म्हणत नाही, जगाचीच सवय आहे ती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१८ साली मांडलेल्या हिशेबात जगभरातल्या बायका घरच्या बिनपगारी कामाला रोज सरासरी ४ तास २५ मिनिटं देतात आणि पुरुष १ तास २३ मिनिटं. तेव्हा मोजमापाला नावं ठेवताना नेमकं कुणाचं काम बिनमोजलेलं राहिलेलं बरं वाटतंय, हेही बघावं. असो.

खानावळीचं म्हणाल तर तो शब्द मला लागला नाही, कारण मी खानावळीतच शिकलेय. नोकरीची पहिली सहा वर्षं मी मुलींच्या एका वसतिगृहात खानावळीचा हिशेब सांभाळला. चौऱ्याऐंशी मुली. मी गेले तेव्हा तिथेही आपल्यासारखाच कारभार होता. अंदाजानं शिजवायचं, सढळ हातानं वाढायचं. बघायला फार छान वाटे. पहिल्या पंगतीतल्या मुली ताट भरून उठायच्या. आणि प्रयोगशाळेतून उशिरा येणाऱ्या दहा-बारा जणी असत, त्यांच्या वाटीत डाळीच्या नावाखाली पिवळं पाणी. कुणी मुद्दाम करत नव्हतं. घट्ट डाळ आधी वाढली जायची, इतकंच. पातेलं कमी होतंय हे दिसलं की स्वयंपाकी त्यात तांब्याभर गरम पाणी ओतायचा आणि वर म्हणायचा, 'पुरलं की नाही सगळ्यांना?'

पहिला महिना मी नुसतं बघितलं. दुसऱ्या महिन्यात वाढायचा डाव घेतला, पाण्यानं भरून मोजला आणि आतल्या बाजूनं खिळ्यानं एक रेघ ओढली. नियम दोनच. वाढण्याआधी प्रत्येक वेळी तळापासून ढवळायचं आणि रेघेपर्यंतच भरायचं. पुन्हा हवं असेल तर सगळ्यांचं एकदा झाल्यावर. त्या आठवड्यात पहिल्या पंगतीनं कुरकुर केली. एकीनं तर मला तोंडावर चिक्कू म्हटलं. पण शेवटच्या मुलीच्या वाटीत पहिल्यांदा डाळ दिसायला लागली. सामान तेवढंच होतं, पातेलंही तेच होतं, बदल फक्त एका रेघेचा होता. आपण ज्याला कोतेपणा म्हणता त्यानं पंक्तिप्रपंच थांबला, साहेब. सढळ हात पंगतीच्या सुरुवातीलाच परवडतो.

आता घराचं सांगते. २०२० साली सगळं जग घरी बसलं तेव्हा आम्ही पाच माणसं एका छपराखाली आलो. त्याआधी कामाच्या दिवशी आमची अकरा ताटं व्हायची. सकाळी पाच, दुपारी माझं एकटीचं, रात्री पाच. बाकीच्यांची दुपार बाहेर. एकदम पंधरा झाली. कागदावर चारच वाढली ना? मीही तशीच फसले. चार ताटांपुरतं सामान वाढवलं आणि पहिल्या आठवड्यातच डबे तळाला गेले. कारण माणसं वाढली नव्हती, खेपा वाढल्या होत्या. एका मंगळवारी फ्रिजला कागद चिकटवला, शेजारी पेन्सिल बांधली आणि सांगितलं की काही खायला काढलं की एक रेघ मारा. रात्री मोजल्या तर अडतीस. यात चहा धरलेला नाही. खरी रक्कम त्याहून मोठी असणार, धाकट्यानं नंतर तसं कबूलही केलं.

नावाच्या डब्यांचं कारण तर त्याहून साधं आहे. एका सकाळी आठ अंडी उकडून ठेवली होती. पाच माणसं, काहींना एक, काहींना दोन, असा माझा मनातला हिशेब. मनातला म्हणजे कुणालाच न सांगितलेला. मोठीची मीटिंग लांबली, ती पावणेतीनला खोलीतून बाहेर आली. भांड्यात टरफलं होती. ती काही बोलली नाही. टरफलं केराच्या डब्यात टाकली, ब्रेडचे दोन कोरडे तुकडे घेतले आणि परत आत गेली. अंडी कुणी चोरली नव्हती. जो तो येता-जाता 'एकच घेतो' म्हणत होता. त्या रात्री झाकणांवर नावं पडली.

यात एक गंमत झाली, तीही सांगते, कारण ती माझ्यावरच उलटलेली आहे. चार दिवस मी रोज डबे भरत होते. पाचव्या दिवशी नवरा ते धुऊन पालथे घालत होता. त्यानं झाकणं मोजली आणि विचारलं, चारच कसे? माझा डबाच नव्हता. मी स्वतःला धरलंच नव्हतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मोजमाप नसतं तर मी कशीतरी उभ्या-उभ्या खात राहिले असते आणि घरात सगळ्यांना वाटलं असतं की हिचं झालंय.

म्हणून आपल्या आईबद्दल मला फार आदरानं एक म्हणायचंय. त्यांनी तराजू धरला नाही, मान्य. पण त्यांनी मोजलं नाही हे मी मानायला तयार नाही. मूठ हे माप आहे. वाटी हे माप आहे. तांदळावर पाणी घालून त्यात बोट उभं धरतात आणि पेरापर्यंत बघतात, तेही मापच. अकरा माणसांचं रोज शिजवणारी बाई सकाळी डब्यात हात घालते तेव्हा कोण आज उपाशी आहे, कोण बाहेर खाऊन येणार आहे, कुणाचं पोट बिघडलंय, हे सगळं तिच्या मुठीत असतं. आपल्याला ते दिसलं नाही, कारण आपण ताटावर बसलेले होता. त्या अकरांत शेवटी कोण जेवायचं आणि त्या वेळी पातेल्यात काय असायचं, हे आपण कधी वाकून बघितलंत का? मी उद्धटपणानं विचारत नाहीये. बरं, थोडंसं उद्धटपणानंच विचारतेय.

आणि 'मोजून वाढलेलं अंगी लागत नाही' म्हणता, तर शाळांचं काय? २०२० च्या एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मोजणीत १९० हून जास्त देशांतली मिळून १५० कोटींवर मुलं शाळा-कॉलेज बंद म्हणून घरी होती. त्यातल्या सुमारे ३७ कोटी मुलांचं शाळेत मिळणारं जेवण थांबलं, हा जागतिक अन्न कार्यक्रमाचा अंदाज. ते जेवण कुणीतरी माणशी धान्य काढून, पटावरची डोकी मोजूनच शिजवत होतं. ते बंद झालं तेव्हा त्या मुलांच्या घरी एक वेळची भूक वाढली. त्या घरांत जाऊन सांगाल का, की ते मोजलेलं होतं, फारसं अंगी लागत नव्हतं?

आता जिथे माझी चूक आहे तिथे ती कबूल करते. मी हटवादी नाही. भाताचं आपलं म्हणणं बरोबर आहे. 'सकाळीच रात्रीचाही भात लावून ठेवा' एवढंच मी लिहिलं, तो कुठे ठेवायचा ते लिहायचं राहून गेलं. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात, विष तयार करतात. उलट्या करवणारं जे विष आहे ते भात पुन्हा तापवूनही जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे की शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांवर ठेवू नये, थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली आणि गरम ठेवायचं तर ६० च्या वर. तेव्हा भात पसरट भांड्यात मोकळा करून लवकर निववायचा, फ्रिजमध्ये टाकायचा आणि रात्री वाफ येईपर्यंत तापवायचा. फ्रिज नसेल तर दोनदा शिजवायचा. लेखातली ओळ आज दुरुस्त केली आहे. एक शब्द निसटला होता, त्याचा एवढा गहजब करायची गरज नव्हती, पण ठीक आहे, दुरुस्त केली.

बाकीचं पटापट. ७५ ग्रॅम कोरडे तांदूळ शिजून तिपटीच्या जवळ जातात आणि ताटात नुसता भात नसतो. तरी कमी वाटले तर वाढवा, मी तराजू घेऊन आपल्या दारात उभी नाही. लहान मुलं आणि औषधं घेणारी माणसं ओटा बंदच्या नियमात बसत नाहीत, हे मी लेखात लिहिलं नव्हतं. इतकं वाचणाऱ्याला कळेल असं वाटलं होतं.

'थोडं उरायलाच हवं' यावर मात्र दोन ओळी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६३ कोटी टन घराघरांतून गेलं. हॉटेलं, दुकानं त्यामागून. हे सगळं कुणीतरी 'उरलेलं बरं' म्हणूनच शिजवलं असणार. आमच्याकडेही उरतं, नाही असं नाही. पण उरलेलं कोण खातं, कोण टाकतं आणि ते भांडं कोण घासतं, हे ठरलेलं नसेल तर ते उरलेलं एकाच माणसाच्या वाट्याला येतं. तो माणूस कोण, हे मी सांगायला नको.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. शेवटच्या दोन वाक्यांसकट राहू दे. फक्त तिच्यावर ती लिहिल्याची वेळ उमटली आहे, ती आज सकाळी नजरेला आली. दुपारी एक वाजून दहा मिनिटं. वार रविवार. त्या वेळी आपल्या घरात पानं कोण घेत होतं?