व्यसनाला इस्त्री

‘सिगारला छंद म्हणणं म्हणजे व्यसनाला इस्त्री करणं’ हे माझ्या सिगारवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं वाक्य झोंबलं, पण आवडलंही. तुमचे आक्षेप तीन. धूर छातीत घेत नाहीत म्हणून सिगारचा धोका नाममात्र, हे माझं विधान खोटं. नवख्यांना मी भरीस पाडतोय. आणि वाळक्या पानांच्या गुंडाळीला कसलं आलंय शास्त्र, सिगार ठेवायची पेटी, टोक कापायचा कटर वगैरे सगळा डामडौल. पहिला आक्षेप पूर्ण मान्य, दुसरा बराचसा. तिसऱ्यावर मात्र भांडणार आहे.

ते विधान चुकलंच. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, त्यातलं निकोटीन नीट भिनायला तो छातीत ओढावा लागतो. सिगारची पानं हवेवर सुकवून मग आंबवतात. त्यांचा धूर अल्कधर्मी असतो आणि त्यातलं निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. त्यात सिगारेटमध्ये तंबाखू जेमतेम ग्रॅमभर, मोठ्या सिगारमध्ये ५ ते २० ग्रॅम. तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका यांच्या कर्करोगाला छातीपर्यंत जाण्याची गरजच नसते. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉईड, त्याच्या तोंडात कर्करोगापायी १९२३पासून तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटला नाही. तेव्हा ‘हे काही व्यसन नव्हे’ असं म्हणायला मला तोंड नाही.

भरीस पाडण्याचं म्हणाल, तर मी एक गोष्ट सांगायची टाळली होती. माझा पहिला सिगार मी उपाशीपोटी, सिगारेटसारखे भराभर झुरके मारत ओढला. अर्ध्यावर दरदरून घाम फुटला, खोली फिरायला लागली आणि उरलेली संध्याकाळ गार फरशीवर आडवं पडून गेली. लेखात फक्त सुगंधाचं वर्णन होतं, फरशी नव्हती. जो तंबाखूला शिवलेला नाही, त्याने सिगारपासून सुरुवात करावी असं मी कुणालाही सांगणार नाही.

आता गुंडाळी. गंमत म्हणजे ‘चिरूट’ हा शब्दच तमिळ ‘सुरुट्टु’वरून आला आणि त्याचा अर्थ गुंडाळीच! पण तुम्ही पुढे लिहिलंत, ‘काळा तो कडक, एवढं कळलं की झालं.’ नेमकं इथेच फसायला होतं. काळेपणा असतो वरच्या वेष्टनाच्या पानाचा. ते जास्त काळ, जास्त उष्णतेत आंबवलं की गडद होतं आणि बऱ्याचदा उलट गोडसर लागतं. कडकपणा ठरतो पोटातल्या पानांवर. झाडाच्या शेंड्याकडची पानं ऊन खाऊन जाड होतात, त्यांना लिहेरो म्हणतात. ती सावकाश जळतात, म्हणून वळणारा त्यांना बरोबर मधोमध ठेवतो. ती कडेला सरकली की सिगार एकाच बाजूने जळत जातो. पोटातली पानं घट्ट बसली तर झुरका नीट ओढला जात नाही, सैल राहिली तर धूर तापतो. हे सगळं हाताच्या अंदाजाने चालतं. राखेकडे बघून आतली बांधणी ओळखायची, मला नाद आहे तो ह्याचा.

पेटीही शोभेची नाही. पान हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास हवी. कोरडं पडलं की वेष्टन तडकतं, चव जळकट होते. फार ओलं झालं की सिगार सारखा विझतो, वर बुरशी धरते. उष्मा वाढला की पानातली किड्यांची अंडी फुटतात आणि सिगारला टाचणीएवढी भोकं पडतात. पेटीला आतून जे ‘स्पॅनिश सीडर’ लावतात ते ना स्पॅनिश ना सीडर (देवदार), ते आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं लाकूड. ओलावा धरून ठेवतं आणि किड्यांना त्याचा वास सोसत नाही, असं म्हणतात.

मूळ लेखातलं ते विधान मी आडवी रेघ मारून खोडलंय, पुसलेलं नाही, नाहीतर तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला कळणार नाही. आणि कटरबद्दल तुमचंच खरं. माझा नक्षीवाला दुसऱ्याच महिन्यात बोथट झाला, सध्या साध्या धारदार पात्यावर काम चाललंय.