प्रिंटर ऑफलाइन, काका ऑनलाइन

प्रिंटर रुसला की माणसं आधी प्रिंटरलाच हात घालतात. झाकण उघड, कार्ट्रिज काढून हलव, बाजूने दोन थापट्या. घोळ बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या पोटात असतो, पण त्याला कोणी थापट्या मारत नाही. तो महाग असतो.

आमच्या सोसायटीत या विषयातला तज्ज्ञ मी. पात्रता एकच, वय चाळिशीच्या आत. सप्टेंबर उजाडला की सेक्रेटरीकाकांचा फोन आलाच. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत उरकायची आणि नोटीस 14 दिवस आधी घरोघरी पोचवायची असते.

"अरे, दिवा लागलाय, कागद भरलाय, समोर ढळढळीत बसलाय, आणि म्हणे ऑफलाइन!"

खाली ऑफिसात गेलो. काकांनी 'प्रिंट' इतक्यांदा दाबलं होतं की रांगेत नुसत्या नोटिसाच. पहिली अडकलेली. ती काढायला गेलं की 'डिलीटिंग' असं उमटतं आणि सरकारी फाइलीवरच्या 'कार्यवाही सुरू' या शेऱ्यासारखं तिथेच राहतं. छपाईची ही रांग विंडोजमधली प्रिंट स्पूलर नावाची सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम, सांभाळते. तिला आधी थांबवायचं, सिस्टम32मधल्या स्पूल फोल्डरात 'प्रिंटर्स' नावाचा फोल्डर असतो त्यातल्या फाइली पुसायच्या (फाइली, फोल्डर नव्हे), मग तिला पुन्हा सुरू करायचं.

"थांबवतोस? बंद पडेल ना!"

"काका, आत्ता तरी कुठे चालू आहे?"

रांग साफ झाली. ऑफलाइन कायम.

मग यादी उघडली. प्रिंटर एक, नोंदी तीन: मूळ, 'कॉपी 1' आणि 'कॉपी 2'. दरवर्षी कोणीतरी 'ॲड प्रिंटर' केल्याची ही वंशवृद्धी. शिवाय डिफॉल्टच्या, म्हणजे न विचारता वापरायच्या प्रिंटरच्या, जागी पीडीएफवाला; तो कागदावर छापत नाही, नुसती फाइल बनवतो. विंडोज 10 पासून मुभा दिली तर विंडोजच डिफॉल्ट ठरवतं, आणि शेवटचा वापरलेला प्रिंटर त्या गादीवर बसतो. काकांनी कधीतरी लाइटबिल पीडीएफ करून ठेवलं होतं, म्हणून काही नोटिसा कागदाऐवजी 'सेव्ह कुठे करू?' विचारत होत्या. विंडोजची ती मुभा बंद केली, खरा प्रिंटर डिफॉल्ट केला, भाऊबंद हटवले.

पूर्वी हा प्रिंटर यूएसबीने ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडून शेअर केलेला असे. सप्टेंबर 2021च्या सुरक्षा अपडेटनंतर अध्यक्षांच्या लॅपटॉपवर 11बीने संपणारा एक लांबलचक एरर उगवला, तेव्हा त्याला वायफायवर आणलं. आता खोड वेगळीच. प्रिंटरच्याच बटणावरून कॉन्फिगरेशनचं पान काढलं. ते झोकात छापून आलं, म्हणजे स्वारी ठणठणीत. पानावर आयपी पत्त्याच्या (नेटवर्कवरचा प्रिंटरचा नंबर) शेवटी 15, इकडे कॉम्प्युटरवर तोच पत्ता नोंदलेला असतो त्या पोर्ट्सच्या टॅबमध्ये 7. आदल्या रात्री लाइट गेली होती; राउटर जागा झाला आणि प्रिंटरला नवा नंबर देऊन मोकळा झाला. कॉम्प्युटर जुन्याच दारावर टकटक करतोय.

"म्हणजे प्रिंटरने पत्ता बदलला?" काका ताठ झाले. "जागचा हलला नाही तो! आणि सोसायटीला न कळवता?"

"राउटरने बदलला, काका."

"त्याला एनओसी कोणी दिली?"

कॉम्प्युटरमध्ये नव्या पत्त्याचा टीसीपी/आयपी पोर्ट घातला आणि राउटरमध्ये तो नंबर प्रिंटरच्या नावे कायमचा राखून ठेवला. टेस्ट पेज आलं. तेवढ्यात घरघर झाली आणि नोटिसा धडाधड बाहेर पडू लागल्या. मी राउटरमध्ये डोकं घालून बसलो असताना काकांनी मागून बटण दाबण्याचं व्रत चालूच ठेवलं होतं. सभासद 48, नोटिसा शंभरीकडे. मग घरघर थांबली आणि लाल दिवा लुकलुकला.

कागद संपला होता.

काकांनी झाकण उघडलं. "बघ, पुन्हा बिघडला," म्हणाले, आणि कार्ट्रिज काढून हलवू लागले.