‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : नमुना बाटलीत घेऊ नका

नमस्कार.

कारखान्यांना लागणारं अतिशुद्ध पाणी आणि त्यासाठी रेझिन (पाण्यातले क्षार धरून ठेवणारे बारीक मणी), मेम्ब्रेन (पातळ पडदे), ईडीआय मॉड्यूल (विजेच्या जोरावर उरलेसुरले क्षार काढणारा संच) असे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या यांवर मी मागे लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. इतरांसाठी तिचं सार देतो. लेख म्हणजे कंपनीची जाहिरात आहे. ईडीआयला ‘केमिकलमुक्त’ म्हणणं ही धूळफेक आहे. आरओमधून किती पाणी वाया जातं ते लपवलं आहे. चिप बनवणाऱ्या कारखान्यांचं पाणी अजून परदेशी कंपन्यांच्याच हातात आहे. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं : ‘काका, माहितीपत्रकं वाचून लेख पाडण्यापेक्षा एकदा प्लांटमध्ये जा, बाटलीत नमुना घ्या, लॅबमध्ये मोजा, म्हणजे तुमचे १८.२ मेगाओहम कुठे जातात ते कळेल.’

(१८.२ मेगाओहम हा अगदी शुद्ध पाणी विजेला करतं त्या रोधाचा आकडा, लेखात दिलेला.) काका म्हणालात त्याचं काही नाही. सोसायटीतली पोरंही म्हणतात. पण ‘लेख पाडणं’ ही काय भाषा झाली? वर स्वतःचं नाव लिहायची तयारी नाही. टोपणनाव घ्यायचं, तेही ‘स्पष्टवक्ता’!

मी प्लांटमध्ये जावं म्हणता. अहो, उमेदीचा सगळा काळ तिथेच गेला. तारापूरच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कारखान्यात युटिलिटीला होतो, डीएम प्लांटवर, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्रणेवर. तेव्हा ईडीआय-बीडीआय काही नव्हतं. मिक्स्ड बेड (धन आयन धरणारं कॅटायन आणि ऋण आयन धरणारं अ‍ॅनायन, दोन्ही रेझिनं एकाच टाकीत) संपला, म्हणजे क्षार धरेनासा झाला, की रिजनरेशन, म्हणजे रेझिन ताजं करणं, आणि तो हटकून रात्रपाळीत संपायचा. आधी खालून पाणी सोडून बॅकवॉश. अ‍ॅनायन रेझिन हलकं, ते वर जातं. कॅटायन जड, ते खाली बसतं. साइट ग्लासला टॉर्च लावून दोन रंगांमधली रेघ नीट पडली की नाही बघत उभं राहायचं. रेघ पुसट असली की पुन्हा बॅकवॉश. मग वरून कॉस्टिक सोडा, खालून अ‍ॅसिड, मधल्या कलेक्टरमधून दोन्ही बाहेर. नंतर रिन्स, शेवटी ब्लोअर लावून दोन्ही रेझिनं परत एकत्र. अ‍ॅसिडच्या वाफेने शर्टांना कुठे कुठे भोकं पडत, ते आमच्या घरी विचारा. हे कुठल्या माहितीपत्रकात असतं ते मलाही दाखवा.

आणखी एक सांगतो. साध्या दोन टाक्यांच्या डीएम प्लांटमध्ये, आधी कॅटायन आणि मग स्ट्राँग बेस अ‍ॅनायन, अ‍ॅनायन बेड संपायला आला की कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते ते; क्षार जास्त तितकी ती जास्त) वाढायच्या आधी थोडी खाली येते. नवीन पोरगा असला की खूश होतो, पाणी सुधारलं म्हणून. सुधारलेलं काही नसतं. बेडमधून सिलिका निसटायला लागलेली असते, आणि कॅटायनमधून येणाऱ्या सोडियमचा जो थोडा कॉस्टिक होतो त्याला ती मारते, म्हणून काटा पडतो. हीच सिलिका पुढे बॉयलरच्या वाफेबरोबर जाऊन टर्बाइनच्या पात्यांवर बसते. काटा खाली गेला की उठून सिलिका तपासायची, हे मला ज्या फोरमनने शिकवलं त्यांनी माहितीपत्रक कधी हातात धरलं नसेल.

आता तुमची बाटली. पाण्याचा आकडा बाटलीत मोजा, असं जो सांगतो तो या पाण्याजवळ कधी गेलेला नाही. कडक वाटेल, पण तुम्हीच सुरुवात केलीत. १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर रोध, म्हणजे कंडक्टिव्हिटी ०.०५५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. या पाण्यात आयन जवळजवळ उरलेलेच नसतात, पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड तेवढे. ते बाटलीत ओतलं रे ओतलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढायला लागतं. त्याचं कार्बोनिक अ‍ॅसिड होतं, पीएच ५.६ च्या आसपास येतो आणि कंडक्टिव्हिटी १ च्या जवळ जाऊन थांबते. बाटली काचेची असली तर काचेतलं सोडियमही उतरतं. तुम्ही लॅबमध्ये जाऊन मोजाल तो हवेचा आणि बाटलीचा हिशेब असेल. म्हणून मीटरचा सेल पाइपलाइनमध्येच बसवतात, वाहत्या पाण्यात, हवा लागू न देता. माझे मेगाओहम कुठे जातात म्हणता? तुमच्या बाटलीच्या तोंडातून जातात.

हे माझं मत नाही. अमेरिकन फार्माकोपियाने (औषधांच्या दर्जाची तिकडची प्रमाण नियमावली) औषधांच्या पाण्यासाठी कंडक्टिव्हिटीच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. पहिली पायरी लाइनमध्ये मोजायची. २५ अंशांना मर्यादा १.३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. तिथे बसलं नाही तर नमुना भांड्यात घ्या, जोरजोरात ढवळा, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून आकडा स्थिर होऊ द्या, आणि मग मर्यादा २.१. भांड्यात घेतलेल्या पाण्याला सूट द्यावी लागते हे नियम करणाऱ्यांना कळलं. तुम्हाला कळायला काय हरकत होती?

एक मान्य करतो. १८.२ हा आकडा २५ अंश सेल्सिअसचा, हे लेखात लिहायला हवं होतं. पाणी तापलं की रोध उतरतो. मीटर भरपाई करून दाखवतो म्हणून आपल्या लक्षात येत नाही. पण तुमच्या वाक्यातही ‘मेगाओहम’च्या पुढचे सेंटिमीटर गाळलेले आहेत. म्हणजे फिट्टंफाट.

बाकीचं थोडक्यात.

जाहिरात? आयन एक्स्चेंज (इंडिया)चं नाव घेतलं, कारण १९६४ साली ब्रिटनच्या पर्म्युटिटची उपकंपनी म्हणून सुरू होऊन १९८५ मध्ये ती भारतीय झाली, आणि तिचं रेझिन अंकलेश्वरला बनतं. पुण्याच्या थरमॅक्सचंही घेतलं. या दोघांच्या रेझिनची ‘इंडिऑन’ आणि ‘तुलसिऑन’ ही पोत्यांवरची नावं वाचत आम्ही नोकऱ्या केल्या, ती काय पुसून लिहू? आणि पाकीट मिळणारा माणूस असतो तर पुढची गोष्ट सांगितली नसती. नंतरच्या नोकरीत आमच्याकडे ईडीआय आलं. छान चालत होतं. आरओमधून थोडी हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) सुटली आणि मॉड्यूलच्या कॉन्सन्ट्रेटच्या, म्हणजे काढलेले क्षार वाहून नेणाऱ्या, कप्प्यांत स्केल, म्हणजे क्षारांचा थर, बसलं. प्रवाह कमी, व्होल्टेज वर, पाणी खराब. पुरवठादाराचा इंजिनीअर आला, त्याने करारातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं : फीडची, म्हणजे आत येणाऱ्या पाण्याची, हार्डनेस १ पीपीएमच्या आत हवी. खरं होतं, पण विकताना हे कुणी तोंडातून काढलं नव्हतं. सॉफ्टनर, अँटिस्केलंट (थर न बसू देणारं रसायन), सीआयपी (मॉड्यूल न उघडता आतून धुणं) यांचा खर्च आम्ही सोसला आणि मॉड्यूलही आम्हीच बदललं. तरीही सांगतो, ईडीआय ही उत्तम गोष्ट आहे. १९८७ मध्ये मिलिपोरने बाजारात आणलं तेव्हापासून तत्त्व तेच : दोन मेम्ब्रेनच्या मध्ये रेझिन, त्यातून डीसी करंट, करंटने पाणीच फुटतं आणि त्यातूनच रेझिन ताजं राहतं. रात्रपाळीतलं अ‍ॅसिड-कॉस्टिक सुटतं. ज्याच्या शर्टाला भोकं पडली त्याला त्याची किंमत कळते.

आरओमधून पाणी जातं? जातं. शंभर लिटर घातलं की साधारण पंचवीस बाहेर. पुष्कळ ठिकाणी ते फ्लशिंगला, बागेला वापरतात. लेखाचा विषय तो नव्हता, म्हणून लिहिलं नाही. याला लपवणं म्हणत नाहीत. दुष्काळ मलाही दिसतो.

चिपवाल्यांचं बरंचसं पाणी कुरिता, ओर्गानो, नोमुरा अशा जपानी कंपन्या सांभाळतात हे जगजाहीर आहे, त्यात तुम्ही नवीन काय सांगितलंत? गुजरातेत ढोलेऱ्याला चिपचा कारखाना उभा राहतो आहे, तिथे कोण काय बसवतं ते दिसेलच. माझा लेख औषधं आणि बॉयलरच्या पाण्यापुरता होता. शीर्षकात ते नाही, पण आत वाचलं असतं तर समजलं असतं.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, तशीच ठेवली आहे. पुढच्या वेळी ‘पाडणं’ वगैरे आलं तर मात्र ठेवणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

‘केमिकलमुक्त’ या शब्दाचं राहिलं. त्यावर आता लिहीत बसत नाही, उत्तर आधीच फार लांबलंय.