कोल्ह्याला लस? आधी पारावर विचारा

रानातल्या जनावरांना लस दिली की रेबीजसारखे त्यांचे रोग माणसापर्यंत पोचत नाहीत, असं सांगणारा कुणी तुमच्या गावात आला तर त्याला पारावर बसवून चहा पाजा आणि विचारा, "डोस द्यायला ताई तीनदा दारात आल्या तवा आमची पोरं सापडली न्हाईत, अन् तुम्हाला कोल्हं सापडंल व्हय?" पार हसेल, विषय मिटेल.

माणूस चिवट निघाला तर तो स्वित्झर्लंडचं काढेल. १९७८ साली तिथे ऱ्होन नदीच्या खोऱ्यात कोंबड्यांच्या मुंडक्यांत लशीची पुडी खोचून ती रानात टाकली. जनावराने मुंडकं चावलं की पुडी फुटते आणि लस तोंडातूनच लागू पडते. सुई नको, धरपकड नको. पुढे माशांच्या भुकटीच्या वड्या केल्या, त्या हेलिकॉप्टर-विमानांतून टाकल्या, आणि १९९९ मध्ये तो देश रेबीजमुक्त जाहीर झाला. फ्रान्स २००१ ला, जर्मनी २००८ ला. ऐकून मान डोलवा आणि सांगा, तिथलं जनावर म्हणजे तांबडा कोल्हा, आपल्या खोकडाचा गोरा भाऊ; आपला कोल्हा वेगळा, आपला ऊस वेगळा. एवढं मात्र खरंच आहे.

एक गोष्ट त्याला बोलू देऊ नका. युरोपातल्या लोकांनीही आधी आपल्यासारखाच शहाणपणा केला होता. बंदुका चालवल्या, बिळांत विषारी वायू सोडला. रोग हटला नाही. मेलेल्याची हद्द रिकामी पडली की शेजारचा कोल्हा तिथे येऊन बसतो, येताना रोगही आणतो. उलट लस घेतलेला कोल्हा स्वतःची हद्द राखत बसतो आणि नवख्याला शिरू देत नाही. म्हणजे जिवंत कोल्हाच बिनपगारी राखणदार. हे ग्रामसभेत कळलं तर पंचाईत. 'मारून टाका' हा ठराव सूचक-अनुमोदकासह पाच मिनिटांत होतो. 'लस द्या' म्हटलं की खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा इथपासून सुरुवात.

शिवाय कोल्हा कुणाचा, हे आधी ठरायला हवं. गौताळ्याच्या किंवा येडशीच्या जंगलाकडेच्या शिवारात फिरतो तोवर तो वनविभागाचा. त्याने गल्लीतल्या कुत्र्याला फाडलं की कुत्रं ग्रामपंचायतीचं. तेच कुत्रं म्हशीला चावलं की म्हैस पशुसंवर्धनकडे. म्हशीला काढा पाजताना हाताच्या जखमेत तिची लाळ गेली की तुम्ही आरोग्य विभागाचे. चावा एकच, टपालाची रजिस्टरं चार. तेव्हा निवेदन चारही ठिकाणी द्या, पोच घ्या, आणि 'सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही' ही चार उत्तरं एकाच फाइलीत लावून ठेवा.

दरम्यान कोल्ह्या-कुत्र्यांची गाठ पडत राहील याची व्यवस्था तुम्ही करताच आहात. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या सिमेंटच्या रिकाम्या गोणीत भरून, तोंड सुतळीने बांधून, पुलावरून ओढ्यात फेकायच्या. गोणी दगडावर आपटून फाटते. दिवस मावळला की एका अंगाने कुत्री येतात, उसातून दुसऱ्या अंगाने कोल्हं येतं, आणि मधल्या पिसांवर दोघांची जुंपते. स्वित्झर्लंडने मुंडक्यांत लस घातली होती. आपण नुसती मुंडकीच वाटतो, तीही बारा महिने, विनाअनुदान!

आपल्याकडे रेबीज माणसापर्यंत आणतो तो बहुतेक वेळा कुत्रा, असं तो माणूस जाता जाता म्हणेल. गावातल्या शंभरातल्या ७० कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तरी साखळी तुटते. गोव्याने सरसकट कुत्री टोचली आणि २०१८ पासून सलग तीन वर्षं रेबीजने माणूस दगावल्याची नोंद झाली नाही. यावरही उत्तर तयार ठेवा. कुत्रं तर आपलं नाहीच. भाकर आपण टाकतो, नाव 'मोत्या' आपण ठेवलं, पण लशीचा दिवस आला की ते मोकाट.

मग एखाद्या दिवशी म्हैस तोंडाला फेस आणून मरते. तिचं दूध सप्ताहाच्या काल्यात गेलेलं असतं, ही बातमी व्हॉट्सॲपवर दुपारपर्यंत तीन गावं फिरते आणि संध्याकाळी काला खाल्लेलं अख्खं गाव आरोग्य केंद्रासमोर रांगेत. दूध उकळलं की विषाणू मरतो, असं डॉक्टर घसा फोडून सांगतात. ऐकू नका. रेटून घ्या इंजेक्शन. दोन दिवसांनी ज्या पोराच्या पोटरीत खरोखर दात घुसलेत त्याला 'साठा संपला, जिल्ह्याला जा' असं उत्तर मिळेल. तिथे इंजेक्शन मिळेल. जखमेत भरायचं सिरम मिळेलच असं नाही.

तुम्हालाच चावलं तर? साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा, असं सांगतात. आठ दिवसांआड नळ येणाऱ्या गावात वाहतं पाणी म्हणजे टँकरचा पाइप, आणि त्याखाली घागरींचा नंबर असतो. त्यापेक्षा लाल तिखट भरा, चुना लावा. जाणत्या माणसाकडून झाडपाला घ्या. चावलेलं जनावर पिसाळलेलं नसलं तर त्याचा गुण शंभर टक्के येतो. पिसाळलेलं असलं तर विषाणू नसांमधून मेंदूकडे सरकत राहतो. त्याला बहुधा एक ते तीन महिने लागतात, तोवर जाणत्याची दक्षिणा पचलेली असते. एकदा घशाखाली पाणी उतरेनासं झालं की दवाखान्यातही जवळपास कुणी वाचत नाही.

सुई घ्यायचंच ठरलं तर कातडीत टोचायच्या पद्धतीत पहिला डोस लगेच, मग ३ऱ्या, ७व्या आणि २८व्या दिवशी. बेंबीभोवतीची १४ इंजेक्शनं कधीच इतिहासजमा झाली. तरी घरच्यांना तीच सांगून घाबरवा. आणि चावा दसऱ्यानंतरचा असेल तर शेवटच्या डोसाचं विसरा. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळीचा ट्रक भरलेला असतो, २८वा दिवस कारखान्यावरच्या कोपीत उजाडतो. कार्ड मात्र ट्रंकेत जपून न्या. पुढच्या चाव्याला त्याची झेरॉक्स मागतात.